विषय क्रमांक सात

पाच संस्थांची मिळून एक तार.
झोंबाहून निघते,
विजेच्या मनोऱ्यांवर सगळ्यांत उंच जी तार असते,
जिच्यातून वीज कधी जात नाही,
तिच्या पोटात बसून उत्तरेला जाते,
सरोवर उजव्या हाताला ठेवून
थेट कारोंगापर्यंत.
केसाएवढी काच.
तिच्यावर हक्क पाचांचा, म्हणून भाऊबंदकीही पाचपट.

मी तिची राखणदार.
रात्रपाळीला एक खोली, दोन पडदे, एक थर्मास,
आणि जनरेटरच्या डिझेलचे कॅन, रोज मोजलेले,
कारण आमच्या पहारेकऱ्याकडे मोटरसायकल आहे.

पडद्यावर पाच रेघा चालतात.
लिलाँग्वेची मुलं मध्यरात्री मक्याची पानं पाठवतात,
अळीने खाल्लेली, हजारोंनी, एकेक फोटो जडशीळ.
म्झूझूत पहाटे तीनला कुणीतरी फुटबॉल बघतं.
कोण ते मला माहीत आहे. सांगणार नाही.
कारोंगाची रेघ आठवडाभर जमिनीला टेकलेली.
मंगळवारी दुपारी दोनला ती उठते:
ब्लांटायरच्या बाई तेव्हा
आडवं आलेलं मूल कसं वळवायचं ते शिकवतात.
तिकडे चाळीस शिकाऊ सुईणी, एक भिंत, एक प्रोजेक्टर.
तासभर.
मग पुन्हा खाली.

कारोंगाने सहा तिमाह्या वर्गणी भरलेली नाही.
नियम तेवीस सांगतो, दोन चुकल्या की जोडणी बंद.
तो नियम मीच टाइप केला होता,
स्वल्पविरामासकट.

तिमाही सभेला पाच कुलसचिव येतात, पाच गाड्यांतून.
नवा राउटर कुणाच्या इमारतीत राहणार, यावर दीड तास.
पत्राच्या माथ्यावर कुणाचं नाव आधी, यावर चाळीस मिनिटं.
मग जेवण: न्सिमा आणि चांबो.
काट्यांचा मासा खाताना माणूस घाईने बोलत नाही,
आणि जेवल्यावर तर बोलतच नाही.
मग म्झूझूच्या साहेबांना अंधाराआधी घाट गाठायचा असतो.
मग सचिव न्यिरोंगो,
निवृत्त गणितमास्तर, खिशात तीन रंगांची पेनं,
घड्याळ बघून हिरव्या शाईत लिहितात:
विषय सात, कारोंगाची थकबाकी. वेळेअभावी पुढील सभेत.
सहा सभा. सहा वेळा हिरवी शाई.

मला वाटायचं, म्हाताऱ्याला सभा आवरता येत नाही.

एका सोमवारी वित्त विभागातून फोन आला.
तोडा. आजच.
मी आज्ञा टाइप केली. एका ओळीची तर असते.
शेवटची कळ तेवढी दाबायची राहिली.
कर्सर उघडझाप करत होता, झोप न लागलेल्या माणसासारखा.
मी न्यिरोंगोंना फोन लावला.
"इतिवृत्तात आहे?"
"नाही."
"मग ठरलेलं नाही."
मागे कुठेतरी त्यांच्या कोंबड्या.
"आणि हे बघ, खुम्बिझे,
पुढच्या सभेला मासा जरा जास्त काट्यांचा सांग."

मी ती ओळ पुसली. एकेक अक्षर, मागून पुढे.
दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.
दोन वाजता रेघ उठली.
मी चहा ओतला आणि प्यायचा विसरले.

महिन्याभराने बसच्या टपावरून एक पोतं आलं.
कारोंगाचा तांदूळ, दोरीने शिवलेला,
आत तावोंगा म्सिस्का मॅडमची चिठ्ठी:
वर्गणीतून वजा करावा, पावती पाठवावी.
हिशेबाच्या वहीत तांदळाचा रकाना नाही.
वित्त विभागाने पोतं परत पाठवा म्हटलं,
मग कुणीतरी झाकण असलेलं पातेलं आणलं.

न्यिरोंगोंनी नोंद केली, यावेळी निळ्या शाईत:
आवक, पोतं एक. वास चांगला.
दराबाबत चर्चा
विषय क्रमांक आठ.